सामूहिक डोहाळजेवणाचे सूत्रसंचालन

आमच्या तालुक्यात कुठल्याही मांडवात माइक सुरू झाला की मागोमाग माझा आवाज येतो. पतसंस्थेच्या शाखेचं उद्घाटन असो, रक्तदान असो, नाहीतर बैलांचं प्रदर्शन. पोटासाठी मी श्रीरामपूरकडच्या एका कॉलेजात तासांवर मराठी शिकवतो. त्या तासांचा मोबदला संस्थेला आठवण होईल तेव्हा मिळतो, म्हणून उरलेल्या पोटासाठी सूत्रसंचालन. पुढाऱ्याचं नाव घेण्याआधी कवितेच्या दोन ओळी टाकाव्या लागतात. पुढारी बदलतात, ओळी त्याच राहतात. अजून कुणाची तक्रार आलेली नाही.

मागच्या वर्षी बायकोला दिवस गेले. पहिलंच बाळ. आमच्याकडे तिसरा महिना उलटेपर्यंत ही गोष्ट घराबाहेर बोलत नाहीत, पण तिनं ती अंगणवाडीच्या सेविकाबाईंना आपल्या आईच्याही आधी सांगितली, कारण योजनेत नोंद लवकर करावी लागते. गरोदर बाईनं नीट खावं, तपासण्या कराव्यात म्हणून सरकार तिच्या खात्यात हप्त्यानं पैसे टाकतं. त्यासाठी आपली कमाई थोडी आहे, असा दाखला जोडायचा असतो. तो काढायला मी तहसील कचेरीत गेलो, तेव्हा तिथल्या बाईंनी माझ्याकडे पाहून विचारलं, "सर, हे तुमचंच हाय का?" एखाद्या विद्यार्थ्याच्या वडिलांचं आहे, असं ओठांवर आलं होतं. शेवटी नुसती मान हलवली.

पुढं तालुक्यातल्या लाभार्थी बायकांचं सामूहिक डोहाळजेवण ठरलं, घोडेगावच्या अलीकडच्या एका मंगल कार्यालयात. सूत्रसंचालन अर्थातच माझ्याकडे, आणि ज्यांची ओटी भरायची त्या बायकांत माझी बायको.

आदल्या दिवशी मी तिला गर्दी, धूळ, ऊन अशी कारणं सांगून पाहिली. ती मेथी निवडत ऐकत होती.

"घरी डोहाळजेवण करायची आपली ऐपत न्हाई, हे तुमीच म्हनला हुता," ती म्हणाली. "मला ओटी भरून घ्यायचीय. मी येनार. तिथं मी तुमची कोन, ते तुमी ठरवा."

मी रात्रीतून ठरवलं ते असं. आपल्याकडे बाईचं पूर्ण नाव पुकारलं की मधोमध नवऱ्याचं नाव येतंच. म्हणून मी सगळ्याच बायकांना फक्त त्यांच्या नावानं आणि गावानं पुकारायचं. सकाळी ती सेविकाबाईंबरोबर पिकअपनं पुढं गेली, मी मोटरसायकलवर मागून.

साहेब उशिरा आले. (ज्यांना आमच्याकडे नुसतं 'साहेब' म्हटलं तरी पुरतं, अशांपैकी एक.) त्यांच्यासाठी कापायची फीत व्यासपीठाच्या पायरीला बांधली होती, त्यामुळं ती कापेपर्यंत कुणालाच वर चढता येईना. ती कापून झाल्यावर मी नावं पुकारायला लागलो. हिरव्या साड्यांतल्या बायका एकेक करून वर येत होत्या. बायकोचं नाव आलं तेव्हा मी ते अगदी सपाट आवाजात वाचलं, खाली गाव वाचलं आणि लगेच कागद उलटला. ती वर चढताना मी माइकची वायर सोडवत होतो.

साहेबांनी मध्येच माइक मागून घेतला. म्हणाले, आज आमच्या सरांनी एक मोठी गोष्ट केली. नवऱ्याचं नाव न लावता प्रत्येक भगिनीला तिच्या स्वतःच्या नावानं बोलावलं. याला म्हणतात पुरोगामी विचार. टाळ्या वाजल्या. मी नम्रपणे मान झुकवली. ती झुकवायला वेगळं काही करावं लागलं नाही.

एवढ्यावर सुटलो असतो. पण साहेब खुशीत होते. म्हणाले, नावं आम्ही गाळली, आता ती तुम्ही घ्या. प्रत्येकीनं उखाणा घ्यायचा.

बायका लाजत, एकमेकींना ढोसत उखाणे घेऊ लागल्या. बायकोची पाळी आली. तिनं माइक धरला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली:

"हिरवा चुडा, हिरवी साडी, ओटीत नारळ-पान,
नाव घेत न्हाई आज, राखते त्यांचा मान."

बायका खळखळून हसल्या. "का वो ताई, भांडून आलाय का?" साहेबांनी विचारलं, आणि माझ्याकडे वळले. "सर, तुम्हीच विचारा यांना नवऱ्याचं नाव."

माइक माझ्या हातात आला. खाली बसलेल्या सेविकाबाई पदराशी चाळा करत जमिनीकडे पाहत होत्या.

"साहेब, त्या माझ्या घरच्या," मी म्हणालो.

साहेब अशा प्रसंगात मुरलेले. "बघा!" ते म्हणाले. "एवढा शिकलेला माणूस, पण योजनेचा लाभ घ्यायला लाजला नाही!" पुन्हा टाळ्या. एक जादा शाल आली, आम्हाला शेजारी उभं केलं, फोटोवाला म्हणाला, सर, हसा जरा. शाल दोघांत एकच होती. साहेबांनी ती माझ्या खांद्यावर टाकली.

"आता यांनी माझं नाव घ्यावं," बायको माइकजवळ येऊन म्हणाली. हळूच म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

मी तोंड उघडलं. एकही ओळ आली नाही. तिच्या नावाला जुळेल असं काही मी कधी शोधलंच नव्हतं. शेवटी नुसतं तिचं नाव घेतलं, त्यापुढं माझं, आणि आडनाव. वर्गात हजेरी घेतात तसं.

जेवणाच्या वेळी व्यासपीठावरच्यांसाठी आत टेबलं मांडली होती. मी ताट घेऊन बायकांच्या पंगतीकडे गेलो. ती मध्ये बसली होती, आजूबाजूच्या तिला काहीतरी आग्रहानं वाढत होत्या. मला पाहून सगळ्या गप्प झाल्या.

"काय?" तिनं विचारलं.

काही नाही, इथंच बसावं म्हटलं, मी म्हणालो.

"तिकडं वाढतील तुमाला. इथं बाया मोकळ्या बसल्यात."

रागावून नाही, एखाद्या पाहुण्याला जागा दाखवावी तसं म्हणाली. मी ताट घेऊन आत वळलो. दाराशी पोचेपर्यंत पाठीमागं त्यांचं हसणं पुन्हा सुरू झालं होतं. कशावरून, ते ऐकायला मी थांबलो नाही.