वॉल्टर दारापाशी थांबला आहे

अर्लचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात नुकताच कोट काढत होतो. त्याने हॅलोसुद्धा म्हटलं नाही. वॉल्टर पुन्हा दारापाशी थांबला आहे, एवढंच म्हणाला. ब्रेकफास्टच्या आधी वॉल्टर बाथरूमपाशी गेला होता आणि तिथेच त्याचा पुतळा झाला. दार नुसतं लोटलेलं. कुलूप नाही, कडी नाही. समोरून कुणी शिंकलं तरी उघडेल असं दार. आणि उंट लाजेल एवढ्या उंचीचा वॉल्टर त्याच्यासमोर हात मागे बांधून उभा. अर्ल तेव्हा किचनमध्ये अंडी परतत होता. तो येईपर्यंत व्हायचं ते झालं. त्याने वॉल्टरची पॅन्ट बदलली आणि मग मला फोन लावला.

मी मिशिगन राज्याच्या नोकरीत केस मॅनेजर होतो. ऐंशीच्या दशकात आमच्या नोव्हाय गावातले सगळे मराठी लोक मोटारी बनवत. कुणी बंपर, कुणी ब्रेक. एक काका तर गाडीच्या दाराचा 'धप्प' असा आवाज कसा यावा यावरच पगार घेत, आणि घरी काकूंनी कपाट लावलं तरी मार्क देत. पॉटलकला, म्हणजे ज्याने त्याने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, कुणी विचारलं, तू काय करतोस, तर मी म्हणे, "माणसं शिफ्ट करतो." निम्म्या लोकांना वाटे माझा ट्रकचा धंदा आहे. दोघांनी तर सोफा हलवायला बोलावलंही होतं.

पण मी खरंच माणसं शिफ्ट करत होतो. बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसांना तेव्हा लहानपणीच सरकारी इन्स्टिट्यूशनमध्ये ठेवत. लाल विटांच्या लांबच लांब इमारती. आत स्वतःची लाँड्री, स्वतःची बेकरी, स्वतःचं स्मशानसुद्धा. आत गेलेल्या माणसाला बाहेर पडायचं कारणच उरू नये, अशी चोख व्यवस्था. राज्याने आता ठरवलं होतं की ही माणसं साध्या गल्लीत, साध्या घरात, चारचौघांसारखी राहतील. याचं नाव कम्युनिटी लिव्हिंग. पूर्वी सरकारचा पैसा पलंगामागे यायचा. पलंग भरलेला, तर इन्स्टिट्यूशनला पैसा. मग पलंग रिकामा करायची घाई कुणाला? नव्या पद्धतीत पैसा माणसामागे जाणार होता. एका माणसासाठी एक रक्कम, आणि त्यात घर, मदतनीस, डॉक्टर हे सगळं आम्ही जमवून द्यायचं. हे मॅनेज्ड केअर. आमदारांना ते आवडलं, कारण ते स्वस्त होतं. रहिवाशांच्या आईबापांना त्याची भीती वाटली, त्याचंही कारण तेच.

वॉल्टर आमच्या भागातला पहिला. वयाने पन्नाशीचा, शाळेत जायच्या वयात आत गेलेला. बोलायचा एकेक शब्द, तोही उसना आणल्यासारखा. त्याला एका छोट्या घरात ट्रायलवर आणलं होतं आणि अर्ल त्या घराचा मॅनेजर होता. महिनाअखेर रिव्ह्यू होता. वॉल्टर नापास झाला तर परत जायला त्याचा जुना वॉर्डही उरणार नव्हता, तो बंद होत होता. त्याला पार उत्तरेकडच्या मोठ्या इन्स्टिट्यूशनमध्ये पाठवणार होते. तिथून परत आलेला माणूस मी पाहिला नव्हता. हिवाळ्यात तिथून पत्रसुद्धा परत येत नसे, असं मी सांगत असे. त्यात अतिशयोक्ती थोडीच होती.

तर दाराचा प्रश्न. आम्ही काय नाही केलं? अर्लने दारावर बाण रंगवला. मी स्वतः नॉब फिरवून दाखवला, इतक्या वेळा की नॉब माझ्या हाताला ओळखू लागला. चॉकलेट ठेवून पाहिलं. दार सताड उघडं ठेवलं, तर वॉल्टरने ते आधी नीट लावून घेतलं आणि मग त्याच्यासमोर हात मागे बांधून उभा राहिला. इन्स्टिट्यूशनचे सायकॉलॉजिस्ट येऊन बघून गेले. ते म्हणाले, याला दार ही कल्पनाच समजत नाही. हा रेडी नाही.

रेडी हा आमच्या धंद्यातला मोठा शब्द. माणसाने बाहेर राहण्याची लायकी आधी सिद्ध करायची, मग बाहेर राहायचं.

माझी बॉस लॉरेन. बाईंचा आवाज असा की फोन ठेवला तरी ऐकू यायचा. तिने मला बोलावून घेतलं आणि उत्तरेकडची जागा अडवून ठेवते म्हणाली. वॉल्टरवर तिचा राग नव्हता. पण पहिलाच माणूस पडला, तर त्याच्यामागचा सगळा वॉर्ड पडेल, आणि वर्तमानपत्रं तिला सोलून खातील.

"रिव्ह्यूपर्यंत थांब," मी म्हटलं.

"तोपर्यंत तो काय शिकणार आहे, विन?"

मला ठाऊक नव्हतं. पण मी वॉल्टरला उत्तरेला पाठवणार नव्हतो, एवढं ठाऊक होतं.

त्या शनिवारी सुनंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, बेसमेंटमधून तांदूळ आणायला सांगितलं. मी निघालो. थोड्या वेळाने मागून आवाज आला, "अहो, कुणाची वाट बघताय?"

मी बेसमेंटच्या दारासमोर उभा होतो. हात मागे.

"तांदूळ स्वतःहून वर येणारेत का?" ती म्हणाली. "ऑफिसात असंच उभं राहून पगार मिळतो वाटतं तुम्हाला."

मिळत होताच की. सगळी वर्षं मी त्या इन्स्टिट्यूशनमध्ये जात होतो, आणि तिथे प्रत्येक दाराला कुलूप. किल्ल्या फक्त अटेंडंटच्या कमरेला, एका कड्यात अडकवलेल्या. आपण दाराशी जायचं आणि थांबायचं. काचेतून अटेंडंट बघणार, नाव विचारणार, कुणाला भेटायचंय विचारणार, त्याला वाटेल तेव्हा उघडणार. नॉबला हात लावायचा नाही. मी पाहुणा म्हणून जायचो, संध्याकाळी घरी यायचो, तरी माझी ही गत. वॉल्टरचा तर जन्म तिथे गेला होता. त्याला दार समजत नव्हतं? त्याला दार आमच्या सायकॉलॉजिस्टपेक्षा जास्त समजत होतं. कमरेला किल्ल्या असलेला माणूस उघडतो ते दार. इन्स्टिट्यूशनने शिकवलेला हा धडा त्याला तोंडपाठ होता.

तांदूळ राहिले बाजूला. सोमवारी मी लॉरेनसमोर उभा. वॉल्टरला किल्ली द्यायची, म्हटलं.

"पुढच्या दाराची? किल्ली रिव्ह्यू पास झाल्यावर द्यायची असते."

"आत असताना त्याला किल्ली बघायला तरी मिळाली का? स्टोव्ह मिळाला? मग तो रेडी व्हायचा कुठे, लॉरेन? माणसाला आयुष्यभर खुर्चीला बांधायचं आणि मग म्हणायचं, आधी पळून दाखव."

"तो हरवला तर?"

"मी शोधीन."

"नाही सापडला तर?"

"मग माझ्या जागी दुसरा माणूस शोध."

"मी हे ऐकलेलं नाही," ती म्हणाली. लॉरेनच्या भाषेत हा आशीर्वाद होता.

अर्ल आणि मी हार्डवेअरच्या दुकानात गेलो. घराच्या खऱ्या किल्ल्या दोनच, पण दोन किल्ल्यांना कसला आवाज? म्हणून दुकानदाराकडून चुकीच्या कापलेल्या, टाकाऊ किल्ल्या घेतल्या आणि तुरुंगाधिकाऱ्याला शोभेल असं कडं भरलं. उचलताना माझी पाठ धरली. ते कडं वॉल्टरच्या बेल्टला अडकवलं.

वॉल्टरने खाली पाहिलं. कडं हलवलं. खळखळ आवाज झाला. त्याने अर्लच्या कमरेकडे पाहिलं, तिथे काही नव्हतं. माझ्या कमरेकडे पाहिलं, तिथे पोट होतं. मग त्याने मागे बांधलेले हात सोडले.

तो बाथरूमपाशी गेला. एक किल्ली घेतली, नॉबला टेकवली आणि दार उघडलं. त्या दाराला कुलूप नाही, हे आम्ही त्याला सांगितलं नाही. त्या दिवशी त्याने घरातलं प्रत्येक दार उघडलं, लावलं, परत उघडलं. कपाटं झाली, फ्रीज झाला. अर्लला बेडरूममध्ये जायला त्याच्या मागे उभं राहावं लागलं.

रिव्ह्यूच्या दिवशी बर्फ असा पडत होता की समोरची गल्ली कॅनडात गेल्यासारखी वाटत होती. लॉरेन, सायकॉलॉजिस्ट आणि मी घराच्या पायरीवर. बेल वाजवली. काचेमागे वॉल्टर आला. त्याने आम्हाला नीट न्याहाळलं.

"नाव?" तो म्हणाला.

"वॉल्टर, तू मला ओळखतोस," सायकॉलॉजिस्ट म्हणाले.

"नाव."

त्यांनी नाव सांगितलं. पुढे डॉक्टर लावायलाही विसरले.

"कुणाला भेटायचंय?"

"तुलाच."

वॉल्टरने विचार केला. "थांबा," म्हणाला आणि आत निघून गेला.

आम्ही थांबलो. माझ्या मिशीचा बर्फाचा ब्रश झाला. लॉरेनचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "विन, हे तू शिकवलंस याला?"

"मी नाही," मी म्हटलं. "आपण."

तेवढ्यात आतून फ्लशचा आवाज आला. मग नळाचा. मग किल्ल्यांचा. वॉल्टर हात पुसत आला, त्याने किल्ली निवडली, ती खरी निघाली, आणि त्याने आम्हाला आत घेतलं. बूट पुसून घ्यायला लावले.

रिव्ह्यू त्या पायपुसण्यावरच संपला. उत्तरेकडची जागा लॉरेनने त्याच दिवशी फोन करून सोडली. वॉल्टर त्या घरात राहिला, आणि त्याच्यामागून त्याचा वॉर्ड एकेक करून वेगवेगळ्या गल्ल्यांत राहायला आला. पुढे आमच्याकडे किल्ली पहिल्याच दिवशी द्यायची पद्धत पडली. सरकारदरबारी ती सायकॉलॉजिस्टच्या नावावर आहे. असू दे. मी अजून पॉटलकमध्ये ती माझ्याच नावावर सांगतो.

या सगळ्यातून मी शिकलो ते एवढंच. कुणी दाराशी खोळंबलेला दिसला, तर त्याला अक्कल नाही असं लिहिण्याआधी किल्ली कुणाच्या कमरेला आहे ते बघावं. आणि वॉल्टरकडे जाताना मोजे दोन जोड घालावेत. तो अजून थांबायला लावतो.