दोन बोटं ढील

पानेकाकांच्या घरच्या गॅरेजमध्ये ‘चालतंय’ हा शब्द उच्चारायला बंदी होती. एखादी शिवी त्यांनी खपवून घेतली असती, पण "चालतंय ना काका, मग उघडायचं कशाला?" असं कुणी म्हटलं की त्यांच्या कपाळावरची शीर उडायची. "चालतंय म्हणजे काय? अजून बंद पडलं नाही, एवढंच ना?" असं म्हणून ते समोरच्याकडे असे काही बघायचे, की आपल्यातलंच ऑइल कुठेतरी गळतंय अशी शंका यावी.

पानेकाका म्हणजे पत्ते कुटणारे काका नव्हेत. अमेरिकेतल्या आमच्या कॅरी गावातल्या निम्म्या मराठी मंडळींचा तो गैरसमज होता, आणि रमी खेळायला त्यांना दोन-तीनदा आमंत्रणही आलं होतं. हे पाने म्हणजे नट आवळायचे पाने. गॅरेजच्या भिंतीवर आठ नंबरापासून बत्तीस नंबरापर्यंत ओळीनं टांगलेले. काका मूळचे नागपूरचे. इथे औषधांच्या कारखान्यात मेंटेनन्सला होते, वर्षभरापूर्वी निवृत्त झाले होते. रोज कामावर जायचे ते मोटरसायकलवर. काकूंची कार बाहेर पाइनच्या झाडाखाली पिवळ्या परागांत माखून उभी, आणि अकरा वर्षांत एक्क्याण्णव हजार मैल पळालेली ती काळी गाडी मात्र आत, कोरड्या फरशीवर. काकू म्हणायच्या, "सवत आहे माझी. पण तिनं यांना एकदाही रस्त्यात सोडलं नाही, म्हणून मी गप्प बसते."

माझी आणि या सवतीची गाठ पडली ती माझ्या वाईट दिवसांत. एका सोमवारी माझी सॉफ्टवेअरची नोकरी गेली आणि त्याच गुरुवारी माझ्या कारसमोर एक हरीण आलं. हरीण पळून गेलं, कार भंगारात गेली. व्हिसाच्या नियमाप्रमाणे साठ दिवसांत दुसरी नोकरी मिळवायची, नाहीतर गाशा गुंडाळून पुण्याला. एकावन्नाव्या दिवशी मिळाली. पण चाळीस मैलांवरच्या एका कारखान्यात, सकाळी साडेसहाची हजेरी, तीन महिने प्रोबेशन, आणि मॅनेजरबाईंनी आधीच फोनवर हसत हसत सांगितलं, की उशीर आणि दांडी या दोन गोष्टी सोडून मी सगळं समजून घेते. तिकडे बस जात नाही. नवीन कारला कर्ज द्यायचं तर बँक व्हिसाची तारीख बघते, आणि माझी तारीख बघण्यासारखी नव्हती.

मोटरसायकलचं लायसन्स मात्र मी हौसेनं काढून ठेवलं होतं. पुण्यात कॉलेजची चार वर्षं भावाची गाडी मीच पळवली होती. भीमजयंतीच्या जेवणात मी रडगाणं गात होते, ते काकांनी शेजारच्या टेबलावरून ऐकलं. ताट घेऊन माझ्यासमोर येऊन बसले.

"जय भीम. माही गाडी घेऊन जा. पण एक अट आहे. काम तू करशील. मी खुर्चीवर बसून सांगीन. मी एक नट आवळणार नाही."

मला वाटलं, म्हातारा तऱ्हेवाईक आहे. पण गरज मला होती, तऱ्हा त्यांना होती. मी हो म्हटलं.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी नऊला मी गॅरेजात. काका घडीच्या खुर्चीत, हात मांडीवर एकात एक गुंतवून. पाना उचलायच्या आधी मॅन्युअलचं पान मोठ्यानं वाचायचं, हा पहिला नियम. मी एकदा वैतागले. "काका, ऑइल बदलायचंय, पोथी कसली वाचायची?" त्यावर त्यांनी शांतपणे सांगितलं ते मी कधी विसरणार नाही. त्यांचे वडील गिरणीत होते. मशीन पुसायला त्यांना बोलवायचे, मशीनचं पुस्तक मात्र कपाटात कुलपात. "बापानं अठ्ठावीस वर्षं ते मशीन नुसतं आवाजावर सांभाळलं. पुस्तकाला हात लावू देलाच नाही कोणी. आता पुस्तक आपल्या हातात आहे न पोरी, तं काऊन नाही वाचायचं?" मी मुकाट्यानं पान उघडलं आणि वाचलं, अगदी इशारे आणि तळटीपांसकट.

त्यांच्या सवयी हळूहळू मला लागल्या. टायरची हवा थंड टायरवर बघायची, पंपावर पोचून गरम झाल्यावर नाही. परागांचे दिवस सुरू झाले की एअर फिल्टर दर पंधरवड्याला काढून बघायचा, कारण पाइन काही पुस्तक वाचून फुलत नाही. ब्रेकच्या पॅडवर टॉर्च मारायची. बॅटरीचे स्क्रू हातानं हलवून बघायचे. काकांचं म्हणणं एकच: "गाडी आधी सांगते, मग बंद पडते. आपणच तिला मधात बोलू देत नाही." अडीच महिने मी रोज ऐंशी मैल गेले-आले आणि एकदाही उशीर झाला नाही. अंगात वारं शिरलं माझ्या. आपल्याला सगळं येतं असं वाटायला लागलं, आणि तिथेच माती खाल्ली.

त्या रविवारी काकांना दवाखान्यात जायचं होतं, म्हणून फोनवरच काम उरकायचं ठरलं. जाता जाता ते म्हणाले, "चेन पाय. दोन बोटं ढील आहे का पाय." मी पाहिलं. मधोमध चेन वर-खाली दाबली, बरोब्बर दोन बोटं ढिली! अरे बापरे, काकांना फोनवरून कसं कळलं? मी पुण्याची. आमच्याकडे ढिलं म्हणजे वाईट. ढिला नट, ढिला कारभार, ढिला नवरा. मी पान वगैरे काही वाचलं नाही. मागच्या चाकाचा नट सोडला, चेन ताणली, तंबोऱ्याच्या तारेसारखी केली आणि स्वतःवर खूश होऊन झोपले.

बुधवारी सकाळी हायवेवर गाडी खालून गुरगुरायला लागली. कडेला घेतली. इंजिनापाशी, चेनच्या पुढच्या चक्राजवळ ऑइलची ओली रेघ, आणि मी सीटवर बसले की चेन इतकी घट्ट, की बोट लावलं तर हलेना. मग डोक्यात उजेड पडला. माणूस बसला की गाडी दबते, दबली की चेन अजून ताणली जाते. ती ढील त्याच्यासाठीच ठेवायची असते! काका ढील आहे ना ते बघ म्हणत होते, आणि मी ती काढून टाकली होती. शेजारून ट्रक सणाणत होते. मला भीती वाटली, खरंच वाटली. नोकरी गेली तर पुणं, एवढंच दिसत होतं. पण हात थांबले नाहीत. सीटखालची पान्यांची गुंडाळी काढली, नट सोडला, दोन्ही बाजूंचे स्क्रू सारखे फिरवले, दोन बोटं मोजली, बसून पुन्हा मोजली, नट आवळला. ऑइल किती उरलंय ते पाहिलं, आणि बेतानं निघाले. सहा अठ्ठावीसला कार्ड लावलं. हात काळे ते काळेच.

संध्याकाळी मी काकांसमोर उभी राहिले, बोलणी खायच्या तयारीनं. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "चूक माही. ‘राहू दे’ म्हणाचं, तं ‘पाय’ म्हणालो."

"नाही काका, मी पान वाचलं नाही."

"हे बरोबर बोलली," ते म्हणाले आणि हसले.

ताण बसून ऑइल अडवणारं रबरी सील गेलं होतं. शनिवारी ते बदलायला बसलो. सील काही केल्या निघेना. तास झाला, माझी बोटं सोलली, आणि खुर्चीतून आपलं शांतपणे चालूच: हळू, डावीकडून, जोर नको. माझा पारा चढला. "काका, एकदा तरी हात लावाल का? की नुसतं बसून बोलायचं?"

ते उठले. खाली बसले. मी दिलेला पाना त्यांनी उजव्या हातात धरला, आणि पाना कडकड वाजायला लागला, फरशीवर, इंजिनवर, पुन्हा फरशीवर. दुसऱ्या हातानं त्यांनी तो हात दाबून धरला. पाना पडला.

"वर्ष झालं," ते म्हणाले. "पुढचा ब्रेक नाही धरता येत. म्हणून गाडी तुले देली. आता कळलं काऊन बसून राह्यतो?"

मला माझ्या जिभेची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. माफी मागायला गेले तर त्यांनी तोडलं. "रडणं मागून. सील काढ आधी." मी काढलं. नवीन बसवलं. काम पुरं होईपर्यंत आम्ही दोघंही गाडीशिवाय दुसरं काही बोललो नाही.

नोकरी पुढे पक्की झाली, गाडी अजून माझ्याकडे आहे आणि रोज जाते. पण त्याआधीची एक सकाळ सांगायला हवी. काका-काकूंनी नागपूरला धाकट्या भावाकडे कायमचं जायचं ठरवलं. विमान मंगळवारचं, आणि माझ्या प्रोबेशनचे नऊ दिवस बाकी. मी म्हटलं, एक दिवस दांडी मारते, विमानतळावर सोडायला येते. पानेकाका तेव्हा खरे भडकले. "दांडी मारली तं गाडी वापस घेईन. निरोप द्यायले गाडी देली होती का तुले?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "जाय तू. मले बरं वाटन."

मी गेले. मंगळवारी पहाटे त्यांच्या गल्लीवरून न जाता मुद्दाम लांबच्या रस्त्यानं गेले, कारण दिवा दिसला असता तर थांबले असते. कारखान्याच्या पार्किंगमध्ये गाडी लावली तेव्हा सहा वीस झाले होते. फोन वाजला. काकांचा मेसेज, एकेक अक्षर टाइप करायला त्यांना किती वेळ लागला असेल कोण जाणे. दोनच शब्द होते: ‘पोचली का’.

जाणाऱ्यानं पोचल्यावर कळवायचं, ही आपली रीत. इथं बॅगा भरून, देश सोडून निघालेला माणूस मला विचारत होता. मी ‘पोचले काका, वेळेवर’ असं लिहिलं आणि हेल्मेट न काढता पाच मिनिटं गाडीवरच बसून पोटभर रडले. मग डोळे पुसले, आत गेले आणि साडेसहाच्या आत कार्ड लावलं.