शेवटचा भाग आणि चोरांची मोहीम

आमच्या घरात चोर होता आणि तो रोज मला जेवायला वाढायचा.

मी रत्नागिरीतला कार्यकर्ता. एसटी स्टँडवर उभा राहून ‘सिनेमे-मालिका चोरून पाहणे ही चोरीच!’ अशी पत्रकं वाटतो. (लोक ती घेतात. सुकट बांधायला कागद चांगला आहे, म्हणतात.) आणि इकडे माझी सख्खी आई शेजारच्या बंडूदादाच्या पेनड्राइव्हवर जुनी कौटुंबिक विनोदी मालिका बघत बसलेली!

"आई, ही चोरी आहे!"

"मेल्या, अख्ख्या मालिकेत तीन भिंतींचं घर नि पाच माणसं. त्यात चोरण्यासारखं आहे काय?"

तिची एकच इच्छा होती. मालिकेचा शेवटचा भाग लागला त्या संध्याकाळी आमच्या वाडीत लाईट गेली होती. त्या घरातली थोरली सून माहेराहून परतली की नाही, हे कोडं ती तेव्हापासून उराशी धरून बसली होती. बंडूदादाच्या पेनड्राइव्हवर नेमका तोच भाग नव्हता.

मग काय, मी पैसे भरून कायदेशीर ॲप घेतलं! पेनड्राइव्ह जप्त केला! बंडूदादाला त्याच्याच पडवीत भाषण दिलं!

"आधी जाहिरात, मग मालिका, मग परत जाहिरात," आई म्हणाली. "चोर बरे होते रे. वेळेवर सुरू करायचे."

पण एवढ्यावर थांबेन तर मी कार्यकर्ता कसला? राजापूरची आत्या म्हणाली, "मग आम्हालाही दाखव की कायदेशीर." दिला पासवर्ड. चिपळूणच्या मावशीला वाईट वाटायला नको म्हणून तिलाही दिला. (क्रांती पसरवावी लागते!) शिवाय शेवटचा भाग रविवारी संध्याकाळी अख्ख्या वाडीला आमच्या खळ्यात दाखवायचं ठरवलं. तसं पत्रक काढलं आणि नातेवाइकांच्या ग्रुपवरही टाकलं.

रविवारी टीव्ही खळ्यात आला. चटया पडल्या. आई नवी साडी नेसून पुढे बसली. बंडूदादा मुद्दाम मागे बसला. मी छोटंसं भाषण केलं (वाडीच्या मते ते छोटं नव्हतं) आणि बटण दाबलं.

पडद्यावर पाटी आली.

आईने चष्मा चढवून मोठ्याने वाचली, "तुमचे खाते सध्या दोन पडद्यांवर सुरू आहे. हे खाते फक्त एकाच घरातील वापरासाठी आहे."

मी आत्याला फोन लावला, स्पीकरवर.

"आता नको रे! तुझंच पत्रक वाचून बसलोय. सून दारात उभी आहे!"

"सांगू नकोस गो!" आई किंचाळली. मावशीने तर फोनच उचलला नाही.

"एकाच घरातील म्हणजे?" मागून बंडूदादाने अत्यंत नम्रपणे विचारलं. "राजापूर, चिपळूण नि ही अख्खी वाडी मिळून एकच घर ना?"

खळ्यात जे हसू फुटलं, ते त्या मालिकेला कधी मिळालं नसेल.

आई मात्र हसली नाही. तिने चटईखालचं पत्रक काढलं, तळाचा मोहिमेचा नंबर शोधला आणि फोन लावला. माझा खिसा वाजला. सवयीने मी म्हणालो, "नमस्कार, चोरीविरोधी मोहीम, बोला!"

"चोर सापडलाय," समोर बसून आई म्हणाली. "माझंच कार्टं आहे. त्याला उचला, पण आधी शेवटचा भाग लावून द्या!"