वन्संनी परत नेलेली कुंची

वन्सं गेल्याचा फोन साताऱ्याहून आला, तेव्हा मी मिक्सरमध्ये शेंगदाण्याची चटणी करत होते. फोन ठेवला आणि आधी चटणी पुरी केली. वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहायची रीत आहे, पण ते त्यांच्या मुलांनी लिहावं... माझ्याकडे दुसरं आहे.

आमच्या मुलाचं बारसं सांगलीला होतं. कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणून वन्सं हिरव्या खणाची कुंची शिवून घेऊन आल्या होत्या. सकाळी चार बायकांत बाळाची अंघोळ चालली होती. वन्संनी वाकून त्याच्या मांड्यांमध्ये पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "आधी पोरगा का पोरगी ते ठरवा, मंग नाव सांगाया बोलवा." कुंची पिशवीत परत घातली आणि निघाल्या. आणि मी? कानाला फडकं बांधलेली ती बावळट बाळंतीण त्यांची मानाची साडी घेऊन रिक्षापर्यंत धावली... वन्सं, साडी राहिली! साडी त्यांनी घेतली. वर रंगाला नाव ठेवलं.

मग गल्लीतल्या बायका बाळ बघायला यायला लागल्या आणि लंगोट ओला झालाय का ते फार मायेनं तपासायला लागल्या. शेवटी ह्यांनी आम्हा दोघांना मिरजेला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, सगळं नीट पाहिलं आणि सांगितलं, मुलगाच आहे. पोटात असताना एक हार्मोन कमी पडला, म्हणून लघवीची जागा लहान राहिली. महिन्याला एक, अशी थोडी इंजेक्शनं देऊ. लवकर आणलंत हे फार बरं झालं, असंही म्हणाले. ते श्रेय वन्संना द्यायचं नाही, हे मी तिथेच ठरवलं. इंजेक्शनांचा गुण आला. पहिलं इंजेक्शन झाल्यावर पोरगं रडत होतं, तेव्हा दवाखान्याच्या बाकावर मीच त्याच्या कानात नाव सांगितलं.

पुढे वन्सं दिवाळीला आल्या, जणू काही झालंच नव्हतं अशा. बाळाला नावानं हाक मारायला लागल्या, तशी मी फराळाचं ताट हातात धरूनच म्हणाले, "वन्सं, नाव तुमी सांगितलं न्हाई, तवा घ्यायचं पण न्हाई. 'तुझा पोरगा' म्हणायचं." त्या हसल्या. मी ताट खाली ठेवलं नाही. तेव्हापासून तुझा पोरगा पास झाला का, तुझ्या पोराचं लग्न कवा, तुझ्या पोराला लेक झाली म्हणं... जन्मभर त्यांच्याच तोंडून तो शब्द वदवून घेतला. दरवेळी साखर खाल्ल्यासारखं वाटायचं.

शेवटचं भेटायला गेले तेव्हा त्या अंथरुणाला खिळल्या होत्या. माझा हात धरून म्हणाल्या, "आता तरी नाव घिऊ का गं?"

"नको. 'तुझा पोरगा'च म्हणा. कानाला बरं वाटतंय."

"लय खुनशी हायस," म्हणाल्या आणि बोळक्या तोंडानं हसल्या. मीही हसले. नाव मात्र घेऊ दिलं नाही.

हे लिहायला मुलाची परवानगी आहे. लिही, म्हणाला, वाचून कुणीतरी आपलं बाळ लाजून घरात लपवून ठेवणार नाही. त्याचं नाव मी इथेही दिलेलं नाही. वन्संची मुलं पेपरची ही पुरवणी वाचतात.

तेराव्याला त्यांच्या सुनेनं माझ्या हातात एक पुडकं दिलं. आत ती कुंची. डांबराच्या गोळ्या घालून जपलेली, घडीसुद्धा न मोडलेली. स्वतःच्या नातवंडांनाही घालू दिली नाही, म्हणाली ती... 'सांगलीची हाय' म्हणायच्या. इथे माझे डोळे भरून आले असं लिहिलं, तर वाचणाऱ्यांना बरं वाटेल. पण घरी आल्यावर मी ती मिक्सरवर घालून पाहिली. नेमकी बसली. मग वाकून मिक्सरच्या कानात नाव सांगितलं... वन्सं.

आता रोज सकाळी कुंची काढते आणि बटण दाबते. आवाज तोच आहे. फक्त बंद मी करते.