वायरलेसवाल्याची म्हैस

फितूर कोण, ते मी सांगून टाकलं. पुस्तक अर्धं बाकी होतं, वाटीतला भातही अर्धा बाकी होता, आणि मी घरधन्यांना सांगून मोकळी झाले, की तो वायरलेसवालाच शत्रूला सामील आहे. वर पुस्तकही मीच फटकन मिटलं. मी म्हणाले, "झालं, आता राह्यलंय काय त्यात? जल्दी खाऊन घ्या. मला धुणं वाळत घालायचंय."

तीन वर्षं झाली याला. ह्यांना अर्धांगाचा झटका येऊन तेव्हा दोन महिने झाले होते. वाटूरच्या आसपासचे विजेचे खांब चढण्यात सारी नोकरी गेलेला माणूस, आणि आता चमचाही दुसऱ्यानं उचलायचा. बोलणं जड झालेलं. पुस्तक धरलं तर अक्षरं एकमेकांवर चढतात म्हणायचे. गिळायचाही त्रास, त्यामुळं जेवायला नकोच म्हणायचे. डॉक्टरांनी बजावलं होतं, पोटात काही गेलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल. नळी म्हटलं की ह्यांचा चांगला हात माझा पदर घट्ट धरायचा.

म्हणून मी युक्ती काढली होती. पलंगाखाली ह्यांची पत्र्याची पेटी, तिच्यात हेरांच्या आणि साहसाच्या कादंबऱ्या. जालन्याला गेले की मस्तगडातल्या रद्दीच्या दुकानातून आणायचे. निम्म्यांना कव्हर नाही. मी वाचायची, एका पानाला एक चमचा. हेर कड्याला लोंबकळला की थांबायचं. "आ करा, मंग सांगते पडतो का राहतो ते." तोंड उघडायचं. असा दीड महिना तो हेर कड्याला लोंबकळला आणि माझा माणूस जेवला.

या पुस्तकांबद्दल माझं मत विचाराल तर चांगलं नाही. हेराला आई नसते, दाढदुखी नसते, दळण आणायचं नसतं. बंदुकीचं वर्णन तीन पानं आणि बायको एका ओळीत मरते. त्याला दर वेळी दोरीनं बांधतात आणि दर वेळी तो सुटतो. आमच्या म्हशीच्या दाव्याची गाठ मारली असती तर पहिल्याच पुस्तकात कारभार आटोपला असता. आणि बॉम्ब! शेवटच्या क्षणी एक वायर कापली की गप्प. हे लाइनमन, ह्यांना त्याचा भारी राग. "एवढ्या वायरी उघड्या ठेवतंय का कुणी?" असं हिंडते-फिरते असताना म्हणायचे आणि पुढचं पान उलटायचे.

मला मात्र नवी नवरी असताना हे सगळं खरं वाटायचं. ह्यांच्या उशाखालून पुस्तक ओढायचं, आणि धीर नाही म्हणून शेवटचं पान आधी वाचायचं. ही खोड तेव्हाची. पाच-सहा पुस्तकं वाचून बाईसाहेबांना वाटलं, आपणही हेर. हे ड्यूटीवरून उशिरा येतात, म्हणजे काहीतरी गडबड आहे. एका संध्याकाळी डोक्यावर सासऱ्यांचं घोंगडं घेऊन मी ह्यांच्या मागं निघाले. उन्हाळ्यात, घोंगडं! सगळं गाव बघून राह्यलं होतं, फक्त मलाच वाटत होतं की मी कुणाला दिसत नाही. हे पुढं पुलाच्या कठड्यावर बसले आणि खिशातून कादंबरी काढून वाचायला लागले. मागं न बघताच म्हणाले, "घाम आला असंल, बस." ही माझी हुशारी. ती म्हातारपणी वाढली असेल, असं मला उगाच वाटत होतं.

तर मी फितूर सांगितला, पुस्तक मिटलं, आणि ह्यांनी तोंड मिटलं. संध्याकाळी उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी शिरा केला, ताकातली कढी केली, सायीत भात कालवला. ओठांना चमचा लावला की मान भिंतीकडं. मी हात जोडले, "अहो, चुकलं माझं." भिंतीकडंच. मी रागावले. मंग रडले. तरी भिंतीकडंच. पेटीतलं दुसरं पुस्तक काढलं तर डोळे मिटून घेतले. सून दारात येऊन उभी राहिली. "आई, उद्या सकाळी डॉक्टरला बोलवू. तुमच्यानं आता न्हाई होणार." तिचं बराबर होतं. हातात वाटी घेऊन मी नुसती बसले होते. त्या पुस्तकांत कुणी असं नुसतं बसत नाही. कापायला काही ना काही असतंच.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर यायच्या आधी मी तेच पुस्तक उघडलं आणि खोटं वाचायला लागले. दुसरं सुचलंच नाही. वायरलेसवाला निर्दोष आहे, असं वाचलं. म्हटलं, मी त्या दिवशी चुकीचं सांगितलं होतं. पण मागच्या प्रकरणात तो चोरून संदेश पाठवताना दिसलेला, ते आता कुठं लपवू? मी अडकले. पानाकडं बघत राहिले, पान काही मदत करेना. मंग तोंडाला येईल ते बोलले, की तो बिचारा गावी बायकोला संदेश पाठवत होता. म्हैस गाभण होती, दिवस भरले होते आणि घरी दुसरं कुणी नव्हतं. साहेबानं त्याला कोठडीत घातलं, पण त्याचा सगळा जीव म्हशीत. विमानं घिरट्या घालतायत, शत्रू नदी ओलांडून राह्यलाय, आणि हा गजाला धरून विचारतोय, निरोप आला का?

इथं माझी गोष्ट संपली. पुढं काय, ते मलाच ठाऊक नव्हतं. बाहेर डॉक्टरांच्या गाडीचा आवाज आला. नळी त्या दिवशी टळली. चार महिन्यांनी लागलीच, ती काही माझ्या वाचण्यानं थांबणार नव्हती. पण त्या सकाळी ह्यांनी मान भिंतीकडून माझ्याकडं वळवली. तोंडाची हलणारी बाजू जराशी वर गेली. दोन दिवसांत पहिल्यांदा आ केला. मी घाईघाईनं चमचा दिला, निम्मा सांडला. त्यांनी तो हळूहळू गिळला आणि एकेक शब्द ओढत, मध्ये थांबत म्हणाले,

"वायरलेसवालाच हाय. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तू पुस्तक कशाला मिटलं? म्हैस व्याली का, ते सांग."