ऑरव्हलचा हात

व्हर्ना टटलने सत्तावीस वर्षं शाळेची बस चालवली होती, त्यामुळे ‘हात लावू नका’ हे तिला ओरडून सांगावं लागत नसे. ती नुसती बघायची आणि माणसं हात मागे घ्यायची.

मोहावीच्या वाळवंटातल्या त्या शिल्पबागेला ना कुंपण, ना तिकीट. भंगारातून घडवलेली शिल्पं वाळूत उभी. ती घडवणारा अ‍ॅमस जाताना बाग व्हर्नाच्या हाती सोपवून बजावून गेला होता, की काही दुरुस्त करायचं नाही. पडेल ते पडल्या जागी राहू द्यायचं, पुढचं काम वाऱ्याचं आणि उन्हाचं. नऊ वर्षं व्हर्नाने ते पाळलं. शिल्पांतला लाकडी जिना कोसळला, पियानो उकलला. तिने फक्त आजूबाजूचा कचरा उचलला.

मार्चमधल्या वाऱ्यात एका पत्र्याच्या पुतळ्याचा उजवा हात खांद्यातून निखळला. हा पुतळा अ‍ॅमसने तिच्या नवऱ्याला, ऑरव्हलला, समोर उभं करून बनवला होता. ऑरव्हलला जाऊन चार वर्षं झाली होती.

शेजारचा क्लेम वेल्डिंगचं यंत्र गाडीत टाकूनच आला. म्हणाला, “दहा मिनिटांचं काम. अ‍ॅमस काय वरून बघायला येतोय?”

“तो नाही येणार. पण मी लोकांना इतकी वर्षं काय सांगत आलेय?”

“लोकांना सांगायचं असतं गं. स्वतः ऐकायचं कुणी सांगितलं तुला?”

तिने त्याला यंत्रासकट परत पाठवलं. मात्र संध्याकाळी, बाग रिकामी झाल्यावर, तिने तो हात उचलला, गाडीत शेजारच्या सीटवर ठेवला, सवयीने पट्टाही लावला आणि घरी नेला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तो ठेवून ती जेवायला बसली. अर्धं ताट तसंच सोडून ती उठली.

सकाळी लवकर ती हात घेऊन परतली. वाळूतली खूण वाऱ्याने पुसून टाकली होती. तळवा खाली होता, एवढं तिला पक्कं आठवत होतं. तरी तिने, कुणी धरावा तसा, तळवा वर करून हात ठेवला.

दिवसाची पहिली गाडी आली. उतरलेल्या बाईने विचारलं, “हा पडलाय, की मुळात असाच ठेवलाय?”

“वाऱ्याने पाडला,” व्हर्ना म्हणाली, “आणि असा मी ठेवला. ठेवायला नको होता.”

बाईने वाकून त्या तळव्याला लावायला हात पुढे केला. व्हर्नाने तिच्याकडे नुसतं बघितलं.