काकू जागच्या हलल्या नाहीत

गल्लीच्या टोकाला काकूंचं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. तिथे एका बाहीचा एखादा कोट हमखास टांगलेला दिसतो. दुसरी बाही शिवायला घ्यावी, तेवढ्यात लेकीचा फोन येतो आणि काकू उठतात. लेकीला तिकडे शिंक आली तरी ही इथून रुमाल घेऊन धावेल, असं त्यांचे यजमानच सांगत फिरतात. त्यांची स्वतःची पँटही तिथेच खुंटीला लटकलेली आहे बिचारी.

लेक लग्न होऊन दूरच्या शहरात गेली. फोनवर बोलून बोलून काय बोलणार, तर जेवलीस का. म्हणून तिने आईला रविवार दुपारच्या आपल्या खेळात ओढलं. कॉम्प्युटरवरचा खेळ, भयंकर, पण समजायला सोपा. चौघांनी जीव वाचवायचा आणि पाचवा, कुणीतरी अनोळखी खेळाडू, खुनी. अंधाऱ्या आवारातली सगळी बंद यंत्रं दुरुस्त करून चालू केली की फाटक उघडता येतं. त्याआधी कुणी सापडलं तर खुनी त्याला आकड्याला टांगतो आणि जोडीदाराने जाऊन सोडवायचं.

चौघांत कामं वाटलेली होती. लेक चपळ, तिने खुन्याला झुलवत फिरवायचं. जावई आणि काकूंनी यंत्रं दुरुस्त करायची. सोडवायला जायचं ते जावयाच्या बहिणीने. पण लेकीची किंकाळी हेडफोनमध्ये आली की काकू यंत्र टाकून धावत सुटायच्या. खुनी आकड्यापाशी वाटच बघत असे. एकीच्या जागी दोघी लटकायच्या आणि यंत्रं अर्धवट.

"काकू, एक ना धड, भाराभर चिंध्या," जावयाची बहीण म्हणाली. जीभ तिची सुईहून टोकदार, पण खोटं काय बोलली?

शेवटी लेकीनेच चाचरत सांगितलं, की सगळे कंटाळलेत. आज हरलो तर पुढच्या रविवारपासून आईच्या जागी नवऱ्याचा मित्र खेळेल. काकू नुसतं "बरं" म्हणाल्या. त्या एका शब्दात काय काय होतं, ते ज्यांच्या मुली लांब आहेत त्यांनी ओळखावं.

डाव रंगला. एकच यंत्र उरलं आणि त्यावर काकू बसल्या होत्या. अर्धं काम झालं न झालं तोच लेक सापडली. हेडफोनमध्ये किंकाळी आली.

"आई, येऊ नकोस," लेकीचा आवाज आला. "मला सोडवायला नणंद निघालीय. माझ्यासाठी काही करायचंच असेल, तर हातातलं पुरं कर."

काकूंनी दोन्ही पाय खुर्चीच्या दांडीत अडकवून घेतले, न जाणो ते आपणहून धावतील म्हणून. ओठ चावत त्या यंत्राला भिडल्या. यंत्र धडधडलं, आवारात दिवे लागले. जावयाने फाटक उघडलं. बहीण लंगडणाऱ्या लेकीला घेऊन आली, आणि काकू सर्वांत शेवटी बाहेर पडल्या.

"सासूबाई, रविवारी वेळेवर या हं," जावई म्हणाला. मित्राचा विषय परत निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानात फोन वाजला. काकूंनी तो शिलाई मशीनशेजारी ठेवला आणि त्या म्हणाल्या, "थांब गं, एवढी बाही होऊ दे."

पलीकडे लेक हसत थांबली. कोटाला दुसरी बाही लागली. यजमानांची पँट तेवढी अजून खुंटीलाच आहे. तिला सोडवायला कुणी नेमलेलं नाही.